विकतची हरळी

"हरळी? इकत?" माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तिचा हात थांबला. "उभा जलम हरळी खांदण्यात गेला माझा, आन् तू पैसं मोजून आणायलास?"

मी म्हणालो, "माय, ही लॉनची आहे. बारीक पानाची असते." नर्सरीवाल्यानं नमुना म्हणून दिलेला वीतभर तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा केला, मुळीला नख लावलं, एक पेर मोडून पाहिलं आणि तुकडा परत माझ्या हातात ठेवला. "हरळीच हाय."

तिचं बरोबर होतं. 'सिलेक्शन वन' या नावानं आपल्याकडं जे लॉन विकतात ते हरळीच्याच जातीतलं, निवडून वाढवलेलं. पाकिटात 'बर्म्युडा' म्हणून मिळतं ते बीही हरळीचंच. शेतात ती हरळी, गणपतीपुढं दूर्वा आणि बंगल्यापुढं लॉन. मायच्या लेखी पहिलं नावच खरं, कारण त्या नावाशी तिचं चाळीस वर्षांचं वैर. उन्हाळी नांगरट झाली की टोपली घेऊन काशा वेचायच्या, बांधावर ढीग घालायचा, वाळल्या की पेटवून द्यायच्या. काशी म्हणजे हरळीची जमिनीतली पेरापेरांची पांढरी मुळी. तिचं एक पेर मातीत राहिलं तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतं. मायच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली खुरप्यानं पडलेली खाच आहे, ती त्याच कामाची.

तरीही मला अंगणात गवत हवं होतं. लातूरच्या बाहेर नव्या वस्तीत प्लॉट घेऊन घर बांधलं, गावाकडून मायला आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ती फरशीवर टेकत नाही. पाय गार पडतात म्हणते. संध्याकाळी बाहेर येते, उभी राहते, परत आत जाते. तिला बसायला जमीन हवी होती. घरापुढं तीनशे चौरस फूट मोकळे होते, मागं तेवढेच. तिथं गवत करायचं हे पक्कं झालं. मग प्रश्न आला, गादी आणायची की बी टाकायचं?

ज्यांनी हा घोळ घातलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गादी म्हणजे शेतात वाढवून, खालच्या बोटभर मातीसकट कापून काढलेले गवताचे तुकडे. घरी आणायचे, फरश्या बसवाव्यात तसे कडेला कड भिडवून अंथरायचे, दाबायचे, भिजवायचे. सकाळी उघडी माती, संध्याकाळी हिरवं अंगण. बी म्हणजे मोहरीहून कितीतरी बारीक दाणे. चौरस मीटरला पाच-दहा ग्रॅम पुरतात, खर्च गादीच्या मानानं फारच कमी, पण पहिले दोन आठवडे वरची माती सुकू द्यायची नाही, आणि जमीन झाकायला दोन-तीन महिने लागतात. आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. लॉनच्या सगळ्या जातींचं बी मिळत नाही. काही बारीक पानांच्या संकरित हरळींना उगवणारं बी धरतच नाही, त्या गादीनं किंवा काड्यांनीच लावाव्या लागतात. तेव्हा एखाद्या हॉटेलात पाहिलेलं गवत मनात धरून बियांचं पाकीट आणलं तर तेच उगवेल असं समजू नये.

आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल तारखेनं लावला. वास्तुशांत वैशाखातली निघाली. बायको म्हणाली, पाहुणे येणार, निदान पुढं तरी हिरवं दिसू द्या. म्हणून पुढं गादी, आणि मागं पावसाळ्यात बी.

वैशाखात लातुरात गवत लावायचं, हे लिहितानाही मला जड जातं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हरळीला हिरवी ठेवायची तर दर चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. पुढचं-मागचं मिळून माझं अंगण छप्पन चौरस मीटर, म्हणजे रोजचं तीनशे लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं असं मानक आहे. म्हणजे दोन माणसांहून जास्त पाणी गवत पिणार.

आणि हे गाव कुठलं? 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे गाव. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो. नळाला पाणी नाही, टँकर कधी येईल ते ठाऊक नाही. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिला भांड्यांच्या रांगेत उभं करून मी शाळेत शिकवायला जायचो. दुपारी परतल्यावर ती त्याच जागी, घागरीवर बसून गृहपाठ करताना दिसायची. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, अंघोळीचं पाणी संडासाला. ते दिवस ज्यानं काढले त्याला नळी हातात धरून गवतावर पाणी उडवताना आजही इकडंतिकडं पाहावं लागतं. मला लागतं.

तरी मी गादी मागवली.

ती पुण्याकडून आली. रात्री निघणार होती, निघाली पहाटे. लातुरात पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ताडपत्री काढली, वरचे तुकडे हिरवेगार दिसले. उतरवून घेण्यासाठी मी थराच्या मधे हात घातला आणि पटकन मागं घेतला. आत भट्टी होती. ओल्या कडब्याची गंज लावली की आतून ती जशी तापते, तशी. कापलेलं गवत जिवंत असतं, त्याचा श्वास चालू असतो, आणि एकावर एक रचलं की त्याची ऊब त्यालाच शिजवायला लागते. म्हणून गादी कापल्यापासून चोवीस तासांच्या आत जमिनीवर पडली पाहिजे, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. मधल्या थरातली पानं पिवळी पडली होती, त्यांना आंबूस वास येत होता. पाठवणाऱ्याला फोन केला. "पाणी मारा, येईल," एवढंच उत्तर मिळालं.

रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं नवरा-बायको आणि दोन मजूर गादी अंथरत होतो. विटांचे सांधे चुकवतात तसे सांधे चुकवत, फटीत माती भरत, वरून फळी टाकून दाबत. वास्तुशांतीच्या दिवशी अंगण खरंच देखणं दिसलं. आलेला प्रत्येक जण त्यावर उभा राहून गेला. लहान पोरं लोळली. बायकोच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही, आणि त्या एका दिवसासाठी गादी आणल्याचा मला पश्चात्तापही नाही.

पण माय त्यावर बसली नाही. काठीनं कडेला टोचून पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये पाव्हणं हाय अजून."

वीस दिवस झाले. पाणी सकाळ-संध्याकाळ चालू होतं, तरी जागोजागी पेंढ्याचा रंग चढत होता. मी एक कोपरा धरून उचलला. नीट रुजलेली गादी अशी निघत नाही, ओढली तर जमीन तिला सोडत नाही. माझ्या हातात मात्र गोधडीसारखी उलगडत आली. खालून सपाट. तांबड्या मातीच्या थराच्या तळाशी पांढऱ्या मुळ्या आल्या होत्या आणि तिथून वळून आडव्या पसरल्या होत्या, चाळणीच्या जाळीसारख्या. खाली आमची काळी जमीन. ती सुकून आक्रसली होती, बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मुळ्या भेगांच्या काठापर्यंत येऊन थबकल्या होत्या.

चूक माझी होती आणि ती गादी येण्याच्या आधीच झाली होती. घर बांधताना अंगणात मुरूम पडला, सिमेंटचं पाणी सांडलं, विटांचे तुकडे रुतले. मी वरवर साफ केलं, चार बोटं माती खरवडली आणि गादी टाकली. दोन वेगळ्या पोतांच्या माती एकमेकींवर ठेवल्या की पाणी त्यांच्या सांध्यावर अडतं, आणि मुळ्याही तिथंच घोटाळतात. काळी माती फावड्याच्या पात्याएवढी खोल फोडून, शेणखत मिसळून, भिजवून, बसू देऊन मगच वर काही ठेवायला हवं होतं. ही मेहनत गादीला लागते तेवढीच बियालाही लागते. गादीमुळं ती वाचते असं वाटतं, कारण सगळं झाकलं जातं. एवढं एकच कुणी मला ठणकावून सांगितलं असतं तर.

त्या दिवशी तो उलटा कोपरा हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो, आणि डोक्यात आलं ते वेगळंच. ही तांबडी माती कुणाची? बोटभर म्हटलं तरी तीनशे चौरस फुटांत अर्धा घनमीटर होते, चाळीसेक घमेली. कुणाच्या तरी रानाचा वरचा थर कापून साडेतीनशे किलोमीटर लांब माझ्या दारात आला. जवळपास तेवढ्याच लांबून आमच्याकडं पाणी आलं होतं. पाणी तहानेला आलं, ही माती शोभेला आली. मी शेतकऱ्याच्या पोटचा आहे. बांधावरची ओंजळभर माती वाहून गेली तर बाप रात्री जेवत नसे, पावसात पोतं डोक्यावर घेऊन ताल घालायला जायचा. गादीचा धंदा करणाऱ्याला मी दोष देत नाही, तोही शेतकरीच, त्याला दोन पैसे मिळतात. पण पुन्हा मी गादी घेणार नाही, आणि त्याला पैशाहून हे कारण मोठं आहे.

आमच्या गावातल्या घराला माळवद होतं. लाकडाचं आढं, वर फळ्या-चिपा आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर उन्हाळ्यात पांढरीची नवी माती आणून वर पसरायची, धुमसून दाबायची. पावसाळा लागला की माळवदावर गवत यायचं. कुणी पेरायचं नाही. वाऱ्यानं, चिमण्यांनी आणलेलं, मातीतच दडून बसलेलं. श्रावणात ते गुडघ्याएवढं व्हायचं आणि माय शिडीनं वर चढून ते उपटायची, कारण मुळ्या खोल गेल्या की पाणी मुरतं आणि घर गळतं. मी खाली उभा राहून गवताचे पेंढे झेलायचो, वासराला टाकायचो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या पहाटे दगडामातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर कोसळली. आमचं गाव लांब, आमचं घर फक्त तडकलं. पण त्यानंतर माळवदाखाली झोप लागेना. पत्रे आले. घरावर उगवणारं गवत गेलं ते गेलंच.

मायला मी विचारलं, माळवदावर तर न पेरता यायचं, मग अंगणात का येत नाही? ती म्हणाली, "येऊ तर दे. तू उगवायच्या आदीच झाकायलास."

मागच्या अंगणाचं काम तिनं स्वतःच्या ताब्यात घेतलं. जूनच्या आधी मी दोन मजूर लावून जमीन फावड्याच्या पात्याएवढी खोल खणून घेतली, विटा-मुरूम उचलला, दीड बैलगाडीभर होईल एवढं कुजलेलं शेणखत घातलं. उतार घरापासून कुंपणाकडं ठेवला. मग मी बी भिजवायला निघालो तर मायनं अडवलं. आधी तण उगवू द्यायचं. पहिला पाऊस पडला, आठ दिवसांत गाजर गवत, लव्हाळा, तांदूळजा सगळं वर आलं. वापसा आल्यावर खुरप्यानं काढलं. लव्हाळ्याची गाठ तोडायची नाही, खालून उकरून सगळीच्या सगळी काढायची, हे तिनं मला दहा वेळा दाखवलं. पुन्हा आठ दिवस थांबलो, पुन्हा उगवलं, पुन्हा काढलं. पाकिटावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

तोपर्यंत गावाकडं भावाची पेरणी अडली होती. पावसानं ओढ दिली होती. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असं दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी कुणीतरी पहिल्याच सरीवर चाड्यावर मूठ धरतो आणि दुबार पेरणीच्या फेऱ्यात सापडतो. भाऊ थांबला होता. रोज संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज ऐकला की मागच्या अंगणातल्या पाकिटाकडं बघवेना. मी मायला म्हणालो, आधी रानातली पेरणी होऊ दे, मग आपली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिनं मला स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दिली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भावानं पेरलं. तिसऱ्या दिवशी आम्ही. बी रात्रभर भिजवलं, सकाळी सावलीत सुकवलं, चाळलेल्या शेणखतात मिसळलं. निम्मं उभं फेकलं, निम्मं आडवं, म्हणजे कुठं दाट कुठं विरळ होत नाही. वरून दंताळ्याची पाठ हलकेच फिरवली. हे बी खोल गेलं की संपलं, नखाएवढी मातीही त्याला जड. ढगाळ दिवस होते, झारीनं दिवसातून दोनदाच शिंपडावं लागलं. कडक उन्हात हेच चार-पाच वेळा करावं लागलं असतं, आणि म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की मराठवाड्यात बी टाकायचं ते पावसाळ्यातच.

दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग दिसली. प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा, कुंपणाकडं निघालेल्या. मी पावडर आणायला उठलो. मायनं ज्वारीच्या कण्या आणल्या आणि वारुळाच्या तोंडाशी मूठभर टाकल्या. "जवळ मिळालं तर लांब कशाला जातील?" तासाभरात रांग बरीचशी वळली. थोडं बी गेलंच. जाऊ दे.

नवव्या दिवशी सकाळी जमिनीशी गाल टेकवून पाहिलं तर हिरवी लव दिसली. उभं राहून पाहिलं तर काहीच नाही, पुन्हा काळी माती. केसाएवढ्या एकेका काडीवर दवाचा एकेक थेंब, काडीपेक्षा मोठा. मायला बोलावलं. तिला वाकता येत नाही, म्हणून ती तिथंच ओल्या कडेवर टेकली. घर बांधल्यापासून ती पहिल्यांदा जमिनीवर बसली.

पुढच्या गादीचं काय झालं ते राहिलंच. जी पेंढा झाली ती उचलली. उरलेली निम्मी मी टाकून देणार होतो. मायनं एक तुकडा पाण्याच्या टिपाडाजवळ नेला, दगडावर आपटला, घमेल्यात बुडवून खळबळला. मिरचीचं रोप लावायच्या आधी मुळ्या मोकळ्या करतात तसा. तांबडी माती गाळासारखी तळाशी बसली आणि हातात नुसतं गवत आलं, मुळ्यांच्या पांढऱ्या झिपऱ्यांसकट. ते तिनं बोटबोट लांबीचं तोडलं, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं ठेवून. पुढची जमीन मी पुन्हा खणून ठेवली होती. तिथं वीतवीत अंतरावर काड्या टोचल्या, पायानं दाबल्या. घमेल्यातली माती मी कुंड्यांत घातली. त्यात आज मोगरा आहे. दसऱ्यापर्यंत त्या काड्यांनी निम्मी जमीन धरली, आणि या खेपेला कोपरा ओढून पाहिला तर पानं हातात आली, मुळी आली नाही.

तेव्हा गादी कुणी आणूच नये असं नाही. उताराची जागा असेल, जिथं पावसाच्या पहिल्या सरीत बी वाहून जाईल, तिथं गादीच बरी. पण जमीन आधी नीट खणा, गादी पावसाळ्यात आणा, आणि मधल्या थरात हात घालून ऊब बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. झाडाखाली मात्र गादीही नको आणि हरळीचं बीही नको. कडुनिंबाच्या गर्द सावलीत हरळी धरत नाही, तिला निदान पाच-सहा तास ऊन लागतं.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही गवताला पाणी दिलं नाही. बोअरचं पाणी फेब्रुवारीपासूनच खाली गेलं होतं. एप्रिलमध्ये दोन्ही अंगणं कडब्याच्या रंगाची झाली. बायकोला वाईट वाटलं, मलाही. माय खुरप्यानं एका ठिकाणी उकरून बघायची, पुन्हा माती लोटायची, काही सांगायची नाही. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर आठवड्याभरात सगळं हिरवं झालं.

परवा समोरच्या प्लॉटवर घर बांधणारे गृहस्थ आले. अंगण दोन्हीकडून पाहिलं. "सर, खरं सांगा, गादी घेऊ का बी टाकू?" मी त्यांना विचारलं, मे महिन्यात तुमच्या बोअरला पाणी किती असतं? ते हिशेब करायला लागले. तेवढ्यात माय कुंपणापलीकडं पसरलेल्या काशा उपटून टोपलीत भरत होती, ती काठी टेकत आली. टोपली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ह्या घेऊन जावा. पाणी मारून झाकून ठेवा, रान खणून झालं की वीतवीत अंतरावर टोचा. पैसं नका घालू." ते टोपली उचलून फाटकापर्यंत गेले तशी तिनं मागून हाक मारली.

"शेत हाय का हो तुम्हाला?"

"आहे ना, औशाकडं, चार एकर."

"मग ती टोपली तिकडं नेऊ नका. रिकामी करून, धुऊन, हितंच आणून द्या मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली ओट्यावर होती. मायनं ती उन्हात धरली, विणीच्या फटींतून बोट फिरवलं, आणि कुठंतरी अडकलेलं एक पेर शोधून काढून आमच्या अंगणात टाकलं.